शंका आल्यास पुढच्याचे पाहावे

चार जानेवारीला सकाळी सात वाजता सोबुए यांच्या घरचा फोन वाजला, तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथे पडले होते आणि त्यांची बायको हात्सुए त्यांच्या कमरेवर चौथी औषधी पट्टी चिकटवत होती. घरभर कापूर आणि पुदिन्याचा वास सुटला होता. फोन कारखान्याच्या मालकांचा आहे हे कळताच सोबुए टेबलावरून घाईने उतरले, शर्ट खाली ओढला आणि फोन कानाला लावून ताठ उभे राहिले.

मालक कुनुगी यांचा आवाज क्षीण होता. सर्दीने बेजार झालोय, अंथरुणातून उठवत नाही, तेव्हा आज देवळात माझ्या जागी तुम्ही उभे राहा, असं ते म्हणाले. सोबुएंनी "हो" म्हटलं, पुन्हा "हो" म्हटलं आणि सवयीने फोनपुढेच लवून नमस्कार केला. त्याबरोबर कमरेने त्यांना एक इशारा दिला. फोन ठेवून ते काही वेळ टेबलाची कड धरून उभे राहिले.

"नाही म्हणायचं होतंत," हात्सुए म्हणाली.

"मालकांना?"

"मग कमरेला विचारून हो म्हणायचं होतंत."

कमरेची कथा पाच दिवसांची होती. तीस डिसेंबरला गल्लीतल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे नव्या वर्षाचा चिकट भात उखळात कुटायला घेतला होता. चौपन्नाव्या वर्षी माणसाने अशा वेळी चहाची किटली सांभाळावी. पण पाच वर्षांची नात "आजोबा, आता तुम्ही" म्हणाली आणि सोबुएंनी लाकडी मोगरी उचलली. पहिल्या घावाला टाळ्या पडल्या. विसाव्या घावापर्यंत टाळ्याच पडत होत्या. एकविसाव्याला मोगरी खाली गेली आणि आजोबा वर आले नाहीत. नातीला तो नवा खेळ वाटला.

पण आज नाही म्हणण्यासारखा दिवसच नव्हता. मिनेहारा गावात पत्र्याचे डबे करणारा कुनुगींचा हा एकच कारखाना. चहाचे, कुरकुरीत तांदूळ-वड्यांचे, समुद्री शेवाळाचे डबे. दरवर्षी कामाच्या पहिल्या दिवशी सगळे कामगार त्रेसष्ट पायऱ्या चढून डोंगरावरच्या देवळात जात आणि वर्षाच्या भरभराटीसाठी पूजा करून घेत. ही पूजा चुकली तर वर्ष चुकतं, यावर कारखान्यातल्या नास्तिकांचाही विश्वास होता. दोन वर्षांपूर्वी मालकांनी गडबडीत दोनाऐवजी तीन टाळ्या वाजवल्या आणि फेब्रुवारीत झाकणं दाबायचं यंत्र मोडलं. तिसऱ्या टाळीचा आवाज अजून सगळ्यांच्या लक्षात होता.

शिवाय एप्रिलमध्ये नदीपलीकडे कारखान्याची नवी शाखा सुरू व्हायची होती आणि तिच्या प्रमुखाचं नाव मालकांनी अजून जाहीर केलं नव्हतं. नावं दोनच घेतली जात. एक विक्री खात्याचे तोकुमित्सू, ज्यांचा आवाज मोठा होता आणि हसणं त्याहून मोठं. दुसरे व्यवस्था खात्याचे सोबुए, ज्यांच्याकडे दिवे, साबण, आगीची कवायत आणि लोकांच्या विसरलेल्या छत्र्या होत्या. सव्वीस वर्षांत सोबुएंना कोणी कशाच्याही पुढे उभं केलं नव्हतं. आज मालकांनी स्वतःच्या जागी उभं केलं, याचा अर्थ शेंबडं पोरही लावू शकलं असतं. आता फक्त पूजा बिनचूक पार पडायला हवी होती.

बिनचूकपणात तर सोबुएंचा हात धरणारं कोणी नव्हतं. अठ्ठावीस डिसेंबरलाच त्यांनी देवळातल्या रीतिभातींची सूचना छापून सर्वांना वाटली होती. कमानीखालून जाताना वाकावे. रस्त्याच्या मधून चालू नये, तो देवाचा. हात धुताना आधी डावा, मग उजवा. पळीला ओठ लावू नये. देवापुढे दोनदा वाकावे, दोन टाळ्या, मग एकदा वाकावे. वाकताना पाठ नव्वद अंशात, सोबत आकृती. असे दहा नियम झाल्यावर काही राहून गेलं असेल तर, म्हणून त्यांनी अकरावा घातला होता: शंका आल्यास पुढच्या माणसाचे पाहून तसेच करावे. त्यांची ही एकच सूचना लोकांनी शेवटपर्यंत वाचली होती, कारण तिच्यात चित्रं होती.

पायऱ्यांवरचा बर्फ बाजूला सारलेला होता. सोबुए कठड्याला धरून एकेक पायरी चढले. मागून तीस माणसं त्यांच्याच गतीने चढली, कारण पुढाऱ्याला मागे टाकणं बरं दिसत नाही. "गंभीर झालेत आज," असं कोणीतरी म्हटलेलं सोबुएंनी ऐकलं आणि त्यांना जरा बरं वाटलं. तोकुमित्सू त्यांच्या मागेच होते. ते दोनदा नाक वर करून म्हणाले, "पुदिन्याचा वास येतोय का हो कुठून?"

देवळाच्या उघड्या दालनात कारखान्याची माणसं रांगांनी उभी राहिली. बाहेर अंगणात पुढच्या पूजेसाठी बस कंपनीचे लोक हातावर फुंकर घालत थांबले होते. पुजारी ऐंशीचे होते आणि त्यांना कमी ऐकू येई. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावरून पांढऱ्या कागदांची झिरमिळी फिरवली आणि लांबलचक प्रार्थना म्हटली. तेवढा वेळ सर्वांनी मान खाली घालून उभं राहायचं होतं. सोबुएंची कंबर कुरकुरायला लागली. मग पुजाऱ्यांनी त्यांच्या हातात हिरवी डहाळी दिली. सोबुए तीन पावलं पुढे गेले, डहाळी देठ देवाकडे येईल अशी फिरवली आणि चौरंगावर ठेवली. चौरंग बराच खाली होता. एवढा खाली कशाला ठेवतात, असा विचार त्यांच्या मनात आला आणि देवापुढे असं मनात आल्याबद्दल त्यांनी मनातच माफी मागितली.

पहिल्यांदा वाकले. नव्वद अंश, आकृतीबरहुकूम. मागे तीस माणसं वाकली. सरळ झाले. मागची सरळ झाली. दुसऱ्यांदा वाकले आणि कमरेत उसण भरली.

साधीसुधी नव्हे. कोणीतरी मागून येऊन पाठीच्या कण्याला कुलूप घालून किल्ली खिशात टाकावी, तसं झालं. ओरडणं शक्य होतं, पण पूजेत पुढारी ओरडला तर यंत्र एक नव्हे, सगळी मोडतील. खाली बसणंही शक्य होतं, पण पुढारी कोसळला तर काय काय कोसळेल याचा त्यांना विचारही करवेना. तेव्हा वाकलेलं राहणं एवढंच उरलं. एक मिनिटात सुटेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. समोर लाकडी फरशी होती आणि तिच्यावर एक मुंगी चालली होती. जानेवारीत मुंगी कशी, हा विचार त्यांनी बराच वेळ पुरवून पुरवून केला.

मागे सगळे वाकलेलेच होते. वर येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढचा माणूस वर आला नव्हता. दुसऱ्या मिनिटाला माना किंचित हलू लागल्या, वाकल्या वाकल्या लोक एकमेकांकडे पाहू लागले. पॅकिंग खात्याच्या ओताकेबाई अडतीस वर्षं कारखान्यात होत्या. त्यांच्याकडे बऱ्याच नजरा गेल्या. त्यांनाही असं काही आठवत नव्हतं, पण ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "जुनी पद्धत आहे," त्या कुजबुजल्या. ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

तोकुमित्सूंना राहवेना. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "सोबुएसान, किती वेळ?"

सोबुएंच्या तोंडून दातांमधून फक्त "हं" निघालं.

"पुरते तल्लीन झालेत," तोकुमित्सूंनी मागे कळवलं.

पाचव्या मिनिटाला सोबुएंना कळून चुकलं की कुलूप उघडणार नाही. पण पूजा पुरी व्हायला हवी होती. कंबर अडकली तरी हात मोकळे होते. त्यांनी वाकल्या वाकल्या, गुडघ्यांच्या जवळ, दोन टाळ्या वाजवल्या. मागे तीस माणसांनी वाकल्या वाकल्या दोन टाळ्या वाजवल्या. त्या थोड्या पुढेमागे पडल्या, पण दोनच पडल्या. आता राहिलं शेवटचं वाकणं, आणि ते तर चालूच होतं. वेदनेतही सोबुएंना समाधान वाटलं. तसं काहीच चुकलं नव्हतं. फक्त सरळ होणं राहिलं होतं, आणि त्याबद्दल सूचनेत नियम नव्हता.

पुजारी मात्र अचंब्यात पडले होते. साठ वर्षांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं. पण यजमान चुकतोय म्हणावं, तर एकतीस माणसं एकदम कशी चुकतील? आपल्यालाच वयोमानाने काही आठवेनासं झालं असावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी गप्प राहून, दिसेल न दिसेल अशी आपलीही मान खाली घातली.

मग प्रसादाची साके, म्हणजे तांदळाची दारू, आली. लाल-पांढऱ्या पोशाखातली मुलगी पसरट वाटी घेऊन सोबुएंपुढे आली, क्षणभर घुटमळली आणि शेवटी खाली बसून तिने वाटी त्यांच्या हनुवटीखाली धरली. ओणवं राहून साके पिणं किती अवघड असतं, हे त्या दिवशी एकतीस जणांना समजलं. अर्धी घशात गेली, अर्धी नाकात. ओताकेबाईंनी एक थेंब सांडू दिला नाही आणि पुढे वर्षभर त्या ते सांगत राहिल्या.

देवाकडे पाठ करायची नसते, म्हणून मागे सरताना तीन पावलं उलटी टाकायची. सोबुएंनी टाकली. पण वळायला कंबर लागते. ते चौथंही पाऊल उलटंच टाकत गेले, तसेच रांगांच्या कडेने दालनाबाहेर आले आणि रस्त्याची मधली जागा सोडून, कडेकडेने, मागे मागे पायऱ्यांपर्यंत पोचले. उलटं उतरणं त्यांना सोपं गेलं. दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकता येत होते. त्यांच्या मागून, म्हणजे खरं तर पुढून, तीस माणसं कमरेत वाकून, देवळाकडे तोंड करून, हात टेकत त्रेसष्ट पायऱ्या उतरली. अंगणातल्या बस कंपनीच्या साहेबांनी आपल्या माणसांना हळूच सांगितलं, "नीट बघून ठेवा." चुकायला नको, एवढाच त्यांचा हेतू होता.

पायथ्याशी गावच्या वर्तमानपत्राचा बातमीदार उभा होता. दरवर्षी तो तेच फोटो काढी आणि दरवर्षी ते सातव्या पानावर छापून येत. आज त्याने थंडीत हातमोजे काढले आणि फोटोंचा सपाटा लावला. मग सोबुएंच्या तोंडाजवळ वाकून, हे काय होतं, असं विचारलं. सोबुएंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. प्रश्न विचारला गेला आणि उत्तर कोणी देत नाही, हे विक्री खात्याच्या माणसाला सहन होत नाही. तोकुमित्सू कंबर चोळत पुढे झाले.

"ही आमच्या कारखान्याची परंपरा आहे," ते म्हणाले. "देवाचे आभार मानून संपेपर्यंत आम्ही वर येत नाही. आणि आमचे डबेही त्याच निष्ठेने बनवतो."

दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर आला. त्रेसष्ट पायऱ्या आणि त्यांच्यावर एकतीस पाठी. सोबुएंनी तो जमिनीवर आडवं पडून पाहिला. हात्सुएने बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि 'निष्ठा' या शब्दाशी थांबून नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"नातीला सांगू का, आजोबांचा खेळ पेपरात आला म्हणून?"

सोबुएंना हसू आलं नाही. कमरेपेक्षा मन जास्त दुखत होतं. मालकांनी विश्वासाने एक काम दिलं आणि आपण देवापुढे, गावापुढे खोटेपणा केला. परंपरा म्हणे. मालकांनाच ठाऊक नसलेली परंपरा. दुपारी मालकांच्या घरून निरोप आला की संध्याकाळी जरा येऊन जा. सोबुएंनी कमरेला पट्टा आवळला, दोन ताज्या पट्ट्या लावल्या आणि जे झालं ते सांगून टाकायचं ठरवूनच निघाले. नदीपलीकडची शाखा त्यांनी वाटेतच मनातून काढून टाकली.

मालकिणीने त्यांना मालकांच्या खोलीत नेलं, चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सरकतं दार लावून ती गेली. मालक जमिनीवरच्या गादीत, हनुवटीपर्यंत पांघरूण घेऊन उताणे पडले होते. खोलीत पुदिन्याचा वास भरून राहिला होता. आपल्या पट्ट्यांचा वास एवढा पसरलेला पाहून सोबुए शरमले आणि लांब दाराजवळच कसेबसे बसले. वास तिथेही तेवढाच होता.

"माफ करा, मला उठून बसता येत नाही," मालक म्हणाले.

"माफ करा, मला वाकून नमस्कार करता येत नाही," सोबुए म्हणाले.

मालकांनी नुसतीच मान हलवली. चहाचा ट्रे दोघांच्या बरोब्बर मधे होता. मालक म्हणाले, घ्या ना. सोबुए म्हणाले, आधी आपण. मालकांनी पांघरुणातून एक हात बाहेर काढला, वीतभर नेला आणि परत घेतला. सोबुएंनी थोडं पुढे झुकून पाहिलं आणि होते तिथेच थांबले. मग दोघंही चहातून निघणाऱ्या वाफेकडे पाहत राहिले.

शेवटी सोबुएंनी सगळं सांगितलं. मोगरी, एकवीस घाव, उसण, मुंगी. परंपरा वगैरे काही नव्हतं, आपली कंबर धरली होती, आणि बाकीचे तीस जण सूचनेतल्या अकराव्या नियमाने वागले. चूक सर्वस्वी आपली.



"भात कुटताना, म्हणजे निदान काहीतरी करताना तरी," मालक म्हणाले. "मी मोजा घालत होतो."

इतक्या वेळात मालकांना एकही शिंक आली नव्हती, हे सोबुएंच्या आता लक्षात आलं.

"सर्दीचं कोणाला बोलू नका," मालक म्हणाले. "आणि कमरेचंही बोलू नका. सकाळपासून तीन फोन आले. चहावाले म्हणाले, एवढं वाकणारी माणसं डब्यात खोट ठेवणार नाहीत, यंदाही डबे तुमच्याकडूनच. बस कंपनीची माणसं काल सहा मिनिटं वाकली, आज त्यातली निम्मी घरी आहेत. आणि पुजाऱ्यांनी विचारलंय की पुढच्या वर्षी आपल्या पद्धतीला किती वेळ धरायचा. मी सात मिनिटं सांगितलीत."

"पण मालक, पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी मागे फिरता येणार नाही. छापून आलंय."

मग सोबुएंनी अगदी मनापासून, कुठलाही डाव न ठेवता सांगितलं की हा मान तोकुमित्सूंना द्यावा. त्यांना पहिल्यापासून हौस आहे. बोलणंही चांगलं आहे.

मालकांनी विचार केला. "त्याची कंबर कशी आहे?"

"ठणठणीत. रोज सकाळी नदीकाठी पळतात."

"मग कसं जमणार?" मालक म्हणाले. "सात मिनिटं म्हणजे गंमत नाही. धडधाकट माणूस, तिसऱ्या मिनिटाला वर येईल तो." त्यांनी पांघरूण हळूच वर ओढलं. "पुढेही तुम्हीच उभे राहा. आणि एप्रिलपासून नदीपलीकडची शाखा बघा. तिथे एकही जिना नाही, मी बांधतानाच सांगितलं होतं."

सोबुएंना यावर लवून आभार मानायचे होते. ते जमेना, म्हणून त्यांनी डोळे मिटून मान जेवढी खाली जाईल तेवढी नेली. मालकांनीही उशीवर पडल्या पडल्या तसंच केलं. तेवढ्यात दार सरकलं. मालकिणीने भरलेल्या दोन कपांकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे.

"चहाला हातसुद्धा लावला नाहीत?"

"आम्ही बोलत होतो," मालक म्हणाले. "जरा इकडे सरकव."